मेल आमच्या नावाने, पैसे भलत्याच खात्यात: आधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तुमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, अकरा माणसं. चाकणच्या एका कंपनीला तुम्ही टर्निंगचे पार्ट पुरवता. ६,४०,००० रुपयांचं बिल थकलं म्हणून फोन केलात, तेव्हा कळलं की पैसे नऊ दिवसांपूर्वीच निघाले, पण दुसऱ्याच खात्यात गेले. 'आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचं पेमेंट खालील खात्यात करा' असा मेल त्यांना तुमच्या नावाने आला होता. तुम्ही पासवर्ड बदललात, चारही कॉम्प्युटरवर विकतचा अँटिव्हायरस टाकलात, आणि आता वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळालेला मेल सोडून महागडी सेवा घ्यावी का, असं विचारताय. शेवटी एक ओळ आहे: 'अकाउंट्सच्या ताईंनी कुठेतरी क्लिक केलं असणार, बाबा त्यांना कामावरून काढायचं म्हणताहेत.'

कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आणि लहान वर्कशॉप यांचे कॉम्प्युटर आणि मेल मी एकोणीस वर्षं सांभाळतोय. अशी प्रकरणं माझ्याकडे आली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताईंबद्दलही लिहिणार आहे, कारण त्या ओळीने मला जास्त अस्वस्थ केलं.

सगळ्यात आधी पैसे. पैसे चाकणच्या कंपनीच्या खात्यातून गेलेत, त्यामुळे त्यांनी त्यांच्या बँकेला लेखी कळवायला हवं आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार द्यायला हवी. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही नोंद करता येते. तुमच्या नावाचा वापर झालाय, म्हणून तुमचीही वेगळी तक्रार असू द्या. नऊ दिवस हा मोठा काळ आहे. चोर अशा कामासाठी दुसऱ्याचं खातं भाड्याने घेतात, आणि त्यातून पैसे बहुतेक वेळा काही तासांतच पुढे सरकवलेले असतात. तरीही साखळीतल्या एखाद्या खात्यात काही रक्कम अडकलेली असू शकते, आणि तक्रारीचा क्रमांक असल्याशिवाय बँका ती रोखून धरत नाहीत. नुकसान शेवटी कोणी सोसायचं हे तुमच्या पर्चेस ऑर्डरच्या अटींवर आणि मेलपेटी कोणाची फुटली यावर ठरेल. त्याबद्दल वकिलांशी बोला, मी त्यात मत देणार नाही. पण 'मेल तुमच्या आयडीवरून आला, म्हणजे जबाबदारी तुमची' हे त्यांचं म्हणणं तपासणी न करता मान्य करू नका.

आता मूळ मुद्दा. कोणता अँटिव्हायरस आणि कोणती मेल सेवा, हे तुम्ही विचारलंत. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न सुटायचा आहे: तो मेल नेमका निघाला कुठून? ते कळल्याशिवाय केलेला खर्च म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

असा मेल तीन वाटांनी येऊ शकतो. एक, तुमच्या मेलपेटीत कोणीतरी खरोखर शिरलं आणि तिथूनच त्याने मेल पाठवला. दोन, तुमच्या पत्त्यासारखा दिसणारा दुसरा पत्ता बनवला. इंग्रजीत 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहिले की 'एम' दिसतो, किंवा 'डॉट कॉम'च्या जागी 'डॉट को' येतं. तीन, पत्ता तुमचाच लिहिला, पण मेल तुमच्या सर्व्हरवरून निघालाच नाही. मेल पोचवण्याची जी पद्धत आज चालते, ती १९८२ साली लिहिली गेली, आणि तिच्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासण्याची सोयच नव्हती. आंतरदेशीय पत्राच्या मागे प्रेषक म्हणून कोणाचंही नाव लिहिता यायचं, तसंच.

यातली वाट कोणती हे कळायला चाकणच्या कंपनीकडून तो मूळ मेल मागवा. स्क्रीनशॉट चालणार नाही, साधा फॉरवर्ड केलेलाही चालणार नाही, कारण फॉरवर्ड करताना मेलच्या डोक्यावरची तांत्रिक माहिती गळून पडते. 'मेल अटॅचमेंट म्हणून जोडून पाठवा' असं सांगा. ते जीमेल वापरत असतील तर मेलच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून 'शो ओरिजिनल' उघडायचं. कॉम्प्युटरवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून 'फाइल', मग 'प्रॉपर्टीज'. तिथे तीन गोष्टी बघा. 'फ्रॉम'मधला पत्ता अक्षर न् अक्षर वाचा, बोट ठेवून. मग 'रिप्लाय-टू', म्हणजे उत्तर ज्या पत्त्यावर जाईल तो, वेगळा आहे का बघा. आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नावांपुढे 'पास' लिहिलंय की 'फेल'.

या तिघांचा अर्थ एवढाच. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या या सर्व्हरना आहे' अशी तुमच्या डोमेनने (मेल पत्त्यात '@'च्या पुढे येणारं नाव) लावलेली जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, मधे मजकूर बदलला तर ती मोडते. डीमार्क सांगतो की यादी किंवा सही 'फ्रॉम'मधल्या नावाशी जुळते का, आणि दोन्हीपैकी काहीच जुळलं नाही तर मेलचं काय करायचं. 'फ्रॉम'मध्ये तुमचंच डोमेन आहे आणि डीकेआयएमही तुमच्याच डोमेनचा पास असेल, तर मेल तुमच्या सर्व्हरवरून निघालाय असं धरून चला. म्हणजे वाट पहिली. डोमेन तुमचंच पण सगळं फेल असेल, तर वाट तिसरी.

दुसऱ्या वाटेत मात्र लोक हमखास फसतात. मिळतंजुळतं डोमेन ज्याने विकत घेतलं, तो त्याच्यासाठी ही तिन्ही व्यवस्थित लावून ठेवतो. त्यामुळे सगळीकडे 'पास' दिसतं. 'पास' याचा अर्थ मेल त्या डोमेनवरूनच आला. ते डोमेन प्रामाणिक माणसाचं आहे असा नाही. जीमेलच्या बाबतीत आणखी एक: पत्त्यात जादा टिंब दिसलं की लोक घाबरतात, पण साध्या जीमेलमध्ये टिंबाला किंमत नसते, टिंब असो वा नसो पत्ता एकच धरला जातो. जादा अक्षर मात्र म्हणजे दुसरा माणूस.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तुम्ही लिहिलंय की मेलमध्ये पर्चेस ऑर्डरचा क्रमांक बरोबर होता, रक्कम बरोबर होती आणि तुमच्या आधीच्या मेलच्याच साखळीत तो आला होता. हे बाहेरच्या माणसाला अंदाजाने जमत नाही. कोणीतरी तुमचा पत्रव्यवहार बरेच दिवस शांतपणे वाचत होतं. प्रश्न एवढाच, की तो तुमच्या बाजूने वाचत होता की त्यांच्या?

याचं उत्तर कधी कधी मेलच्या शेपटातच मिळतं. शिरोलीतल्या माझ्या एका ग्राहकाच्या बाबतीत असंच झालं होतं. समोरची कंपनी त्यांच्यावर आठवडाभर आगपाखड करत होती. मूळ मेल मागवला, तर खाली जोडलेल्या जुन्या साखळीत त्या कंपनीच्या दोन माणसांमधला आपसातला मेल होता, जो माझ्या ग्राहकाला कधी आलाच नव्हता. मग चोराला तो मिळाला कुठून? त्यांच्याच पर्चेस विभागातल्या कोणाच्या तरी पेटीतून. वर पत्ता होता मिळत्याजुळत्या डोमेनचा, आणि नोंदणीची तारीख बघितली तर ते डोमेन त्या मेलच्या चार दिवस आधी घेतलेलं. डोमेन कधी नोंदवलं हे 'हू इज' या डोमेनच्या जाहीर नोंदवहीत कोणालाही फुकट बघता येतं. तुम्हीही बघा.

उलटही घडलं आहे. गोकुळ शिरगावातल्या एका फौंड्रीच्या मालकांनी तीन वेळा पासवर्ड बदलला आणि तरीही चोराला त्यांचे मेल मिळत राहिले. कारण त्याने पहिल्याच दिवशी वेबमेलमध्ये जाऊन एक फॉरवर्ड (आलेल्या मेलची प्रत आपोआप त्याच्याकडे जाईल अशी सोय) लावून ठेवला होता, आणि एक फिल्टर: ज्या मेलमध्ये 'पेमेंट' किंवा 'बँक' शब्द असेल तो थेट एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये. आउटलुकमध्ये त्यासाठी 'आरएसएस फीड्स' फोल्डर वापरतात, कारण तो कोणी उघडून बघत नाही. ग्राहकाने 'खातं खरंच बदललं का?' असं विचारलेला मेल मालकांपर्यंत पोचलाच नाही. पासवर्ड बदलल्याने फॉरवर्ड पुसला जात नाही. कुलूप बदललं, पण भिंतीला पाडलेलं भोक तसंच.

म्हणून पासवर्ड बदललात हे ठीक केलंत, पण काम तिथे संपत नाही. होस्टिंगच्या वेबमेलमध्ये शिरून फॉरवर्डर, फिल्टर, ऑटो-रिप्लाय हे तिन्ही बघा. जीमेल असेल तर सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग', 'फिल्टर्स' आणि 'अकाउंट्स'खालचा 'ग्रँट ॲक्सेस' हा भाग, शिवाय खात्याला जोडलेली बाहेरची ॲप. रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि दुसरा ईमेल कोणाचा आहे तेही बघा. जुनं सिम बंद पडून तो नंबर आता दुसऱ्याकडे असेल, तर तुमच्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात आहे. बंद झालेला नंबर मोबाइल कंपन्या किमान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकतात, हे आपल्याकडे अनेकांना माहीतच नसतं. आणि हे सगळं करताना काही पुसू नका. आधी फोटो काढा, होस्टिंगवाल्याकडून लॉगिनच्या नोंदी आजच्या आज लेखी मागवा, कारण त्या जागा वाचवण्यासाठी पुसल्या जातात. पोलिसांना आणि चाकणच्या कंपनीला दाखवायला तोच पुरावा आहे.

पासवर्ड कोणत्या कॉम्प्युटरवर बसून बदलला, यानेही फरक पडतो. कॉम्प्युटरमध्येच चोर बसला असेल तर नवा पासवर्डही त्याला लगेच कळतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनची कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणारी छोटी नोंद) उचलून नेणारे प्रोग्रॅम असतात. कुकी हाती लागली की ओटीपीही विचारला जात नाही. हे प्रोग्रॅम आपल्याकडे बहुतेक येतात ते फुकट मिळवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर. ड्रॉइंगचं असो, अकाउंट्सचं असो, क्रॅक टाकताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते, आणि आपण ती निमूटपणे पाळतो. त्यामुळे विकतच्या अँटिव्हायरसबद्दल माझं मत असं: विंडोजबरोबर येणारा डिफेंडर लहान वर्कशॉपला पुरेसा आहे, तो चालू ठेवला आणि विंडोज अपडेट होत राहिलं तर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या चारपैकी एखादं मशीन अजून त्यावर असेल आणि त्यावरूनच बँकेचं काम होत असेल, तर अँटिव्हायरसचे पैसे त्या मशीनवर खर्च करायला हवे होते, असं मी म्हणेन. ज्यावर क्रॅक आहे त्या मशीनवर बँक आणि मेल उघडायचाच नाही. हे मी माझ्या ग्राहकांना वर्षानुवर्षं सांगतोय, आणि अजूनही दर महिन्याला कोणाला तरी सांगावं लागतं.

मेलची सेवा बदलावी का? परिस्थितीवर आहे. दोन माणसं मेल वापरत असतील आणि होस्टिंगवाला फोन उचलणारा असेल, तर आहे तिथेच राहून चालेल. पण वेबमेलला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावता येत नसेल, किंवा अकाउंट्सचा एकच पासवर्ड चार जणांना माहीत असेल, तर महिन्याला माणशी काहीशे रुपये देऊन बदललेलं बरं. बदललात तर प्रत्येकाला स्वतःचा लॉगिन द्या. जमेल तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने लॉगिन करायची सोय, लावा. पासकी खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. ओटीपी मात्र घाईत असलेला माणूस खोट्या पानावरही टाकून बसतो.

आणखी एक तपासा: डोमेन कोणाच्या नावावर आहे? वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतलं आणि तो आता पुण्यात नोकरी करतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. डोमेन ज्याच्या हातात, मेल त्याच्या हातात.

डोमेन हाती असेल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावून घ्या, पैसे लागत नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबाने दिवसाला सुमारे ५,००० किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. तुमचे दिवसाला चाळीस मेल जात असतील, तिन्हीची सक्ती नाही, पण फायदा तोच. डीमार्क आधी 'नन'वर (फेल झाला तरी काही करू नका) ठेवून दोनतीन आठवडे अहवाल बघायचे, म्हणजे बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर वगैरे कोणी तुमच्या नावाने मेल पाठवतंय का ते कळतं. मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट' (घेऊच नका). लोक 'नन'वर ठेवून विसरून जातात, तेव्हा खोटा मेल फेल होऊनही पोचतोच. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे एसपीएफच्या दोन वेगवेगळ्या नोंदी. सेवा बदलताना नवी नोंद टाकतात आणि जुनी तशीच ठेवतात. नोंद एकच हवी, दोन असल्या तर दोन्ही निकामी.

पण मी कळकळीने सांगतो, हे सगळं व्यवस्थित लावूनही मिळत्याजुळत्या डोमेनवरून आलेला मेल तुमच्या ग्राहकाकडे पोचेल. त्याला उपाय फोनचा. बँक खातं बदलल्याचं कोणीही कळवलं, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर, ओळखीच्या माणसाशी बोलून खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. तुमच्या प्रत्येक बिलावर छापा: 'आमचं बँक खातं बदललं तर आम्ही मेलने कळवणार नाही. फोन केल्याशिवाय नव्या खात्यात पैसे भरू नयेत.' आणि ग्राहकांच्या अकाउंट्स विभागांना एकदा स्वतः फोन करून हे सांगा. माझ्याकडच्या बावीस ग्राहकांच्या बिलांवर ही ओळ आहे.

पैसे भरताना आणखी एक सोय आता आहे. आपल्याकडे आरटीजीएस आणि एनईएफटीचे पैसे खाते क्रमांक बघून जमा होतात. नाव वेगळं लिहिलं तरी पैसे जातात, आणि चोरांचा सगळा धंदा त्यावरच चालला. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत पैसे पाठवण्याआधी त्या खात्याचं खरं नाव दिसण्याची सोय द्या. चाकणच्या अकाउंट्सवाल्यांनी ते नाव बघितलं असतं तर कंपनीच्या जागी बहुधा कोणा व्यक्तीचं नाव दिसलं असतं. तुम्हीही पोलादाचे, टूल्सचे पैसे भरता. तुमच्याकडे ही सवय आजपासून लावा.

आता ताई. तुमच्याकडून मेल फुटला हेच अजून सिद्ध झालेलं नाही, आणि शिक्षेची तयारी झाली. याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. लिथुआनियाच्या एवाल्डास रिमासाउस्कस नावाच्या माणसाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या क्वांटा या पुरवठादाराच्या नावाची कंपनी लॅटव्हियात काढून खोटी बिलं पाठवली, आणि गूगल आणि फेसबुक यांनी मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम त्याला भरली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ज्यांच्याकडे जगातले उत्तम इंजिनियर आहेत त्यांच्या अकाउंट्स विभागाला जे ओळखता आलं नाही, ते दिवसभर चलनं, जीएसटी आणि पगारपत्रक सांभाळणाऱ्या एका बाईला ओळखता यायला हवं होतं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

समजा, तपासात निघालं की त्यांनीच एका खोट्या पानावर पासवर्ड टाकला होता. तरी काढू नका. त्यांना काढलंत तर राहिलेले दहा जण एक गोष्ट शिकतील: चूक झाली तर सांगायची नाही. आणि पुढच्या वेळी तुम्हाला दहा मिनिटांत कळायला हवं ते नऊ दिवसांनी कळेल. उलट त्यांना हा अधिकार द्या की शंका आली तर कितीही घाईचं पेमेंट, अगदी बाबांनी सांगितलेलं असलं तरी, फोन होईपर्यंत त्या थांबवू शकतात आणि त्याबद्दल कोणी त्यांना बोलणार नाही. हे बाबांनी सगळ्यांसमोर सांगायला हवं, तुम्ही सांगून तेवढं वजन येणार नाही.

मूळ मेल हाती आला की ताईंना शेजारी बसवून तो दोघांनी मिळून वाचा. कोणत्या पार्टीचा माणूस कसं लिहितो, 'रिगार्ड्स' लिहितो की 'थँक्स', हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मग 'फ्रॉम', 'रिप्लाय-टू' आणि 'पास-फेल'च्या त्या तीन ओळी मला इथे लिहून पाठवा, खाते क्रमांक आणि कंपनीचं नाव झाकून, म्हणजे वाट कोणती होती ते नक्की करता येईल. चाकणवाल्यांनी अजून १९३० ला फोन केला नसेल, तर आधी तो.